बॅकहो सकाळीच का रुसायचा

नायोरो, १९ फेब्रुवारी

प्रिय कोहेई,

पाकीट पाहून चक्रावशील. तुझी ताई आणि पत्र लिहिते? पण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं तोंड सुटतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून कागद घेतलाय. आधी त्या मेल्या बॅकहोचं, आपल्या खोदायच्या यंत्राचं, सगळं ऐकून घे.

जानेवारीपासून त्याने माझा जीव खाल्लाय. तिकडे दक्षिणेला मियाझाकीत राहून तू विसरला असशील, पण इथे उणे अठरा म्हणजे साधी सकाळ. नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी मोठ्या रस्त्यावरच फिरते. आपल्या घराच्या चढावरचा बर्फ मीच बॅकहोने उपसायचा. आठवड्यातून तीनदा साडेसातला आईला डायलिसिसला न्यायला गाडी येते. रस्ता मोकळा नसेल तर ती खालूनच परत जाते. आणि हा बाबा नेमका सकाळीच रुसायचा! दुपारी ऊन पडलं की पहिल्या किल्लीला सुरू, जसं काही घडलंच नाही. असा संताप यायचा म्हणून सांगू.

मी काही करायचं शिल्लक ठेवलं नाही. बॅटरी काढून रात्री स्वयंपाकघरात स्टोव्हजवळ ठेवायचे. आई म्हणाली, "पाहुण्याला जेवायला वाढू का?" बॅटरी ठणठणीत निघाली, स्टार्टरही जोमाने फिरत होता. थंड इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग एकेक करून तपासले, चारही तापत होते. इंजिनातलं वंगणाचं तेल हिवाळ्याचं, पातळ घातलं. तरी दोनदा खोकायचा आणि गप्प. शेजारचे ओनोदेरा काका, ज्यांनी जन्मभर ट्रक चालवला आणि आता जन्मभराचे सल्ले देतात, ते इंजिन चटकन पेटवायचा ईथरचा फवारा घेऊन आले. मी म्हटलं, "काका, ग्लो प्लग तापलेले असताना हे मारलंत तर इंजिनाचं डोकं उडेल, आणि तुमचंही." तर म्हणतात, "माझ्यात उडण्यासारखं काही उरलंय का?"

गेल्या महिन्यात हिमवादळाच्या सकाळी तो सुरू झालाच नाही. मी तीन तास फावड्याने खणत राहिले, गाडी निघून गेली. रात्री आईला धाप लागली, पाणी छातीत चढलं. शेजाऱ्यांनी तिला स्लेजवर निजवून खाली नेलं. दवाखान्यात दोन दिवस होती. त्या दवाखान्यातूनच मी तुला फोन केला आणि काय बोलले ते तुला आठवत असेलच. तुमच्याकडच्या पावसाळी वादळाचा चिखल उपसायला बॅकहो उसना दिला, तो तू राबवून मोडून पाठवलास, म्हणाले. आईला काही झालं तर तुझ्यामुळे, असंही म्हणाले. तू एवढंच बोललास, "ताई, मी सगळं नीट करून पाठवलंय." मग फोन ठेवलास. तेव्हापासून रविवारचा तुझा फोन बंद आहे.

मंगळवारी काका पुन्हा आले. मी किल्ली मारत होते, ते धुराच्या नळीकडे बघत उभे. म्हणाले, "सुमिए, धूर कुठाय? इंजिन फिरतंय आणि धुराचा पत्ता नाही. म्हणजे याच्या पोटात डिझेल जातच नाहीये." डिझेलचा फिल्टर उघडला. आत गोठलेल्या चरबीसारखा पांढरा लगदा. काकांनी बोटावर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे डिझेल कुठलं?"

तुझं होतं, कोहेई. उसनं आणलेलं यंत्र टाकी काठोकाठ भरूनच परत करायचं, हे बाबांनी आपल्याला शिकवलं. तू बोटीवर चढवण्याआधी तिकडच्या पंपावर भरलीस. दक्षिणेच्या डिझेलला आमची थंडी सोसत नाही, रात्री त्यातलं मेण सुटून फिल्टर तुंबतो आणि दुपारी ऊन लागलं की ते वितळतं. डिसेंबर उबदार गेला म्हणून कळलं नाही. तुला ते माहीत नसणार, तू वीस वर्षं तिकडे आहेस. पण मला माहीत होतं. दक्षिणेतून आलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला मीच ओरडून सांगते, आधी टाकी रिकामी कर, इथलं भर. आणि तुझी भरलेली टाकी बघून मी गल्लीभर मिरवत हिंडले, की बघा, आमचा कोहेई कसा वळणाचा आहे. ती उपसायचं डोक्यातच आलं नाही.

आता हिवाळी डिझेल भरलंय, फिल्टर नवा घातलाय, तीन दिवस दुसऱ्या किल्लीला सुरू होतो. पण ते कळवायला मी कागद खराब केलेला नाही. आईची ती रात्र माझ्यामुळे आली. तुझ्यामुळे नाही. आईला मी सांगितलंय की तुला कामातून फुरसत नाही. तरी ती रविवारी दहाला उठून फोनजवळ बसते आणि जेवायला हाक मारली तरी येत नाही. या रविवारी फोन कर. उचलेल तीच. तुमचं बोलणं झालं की मला द्यायला सांग. मी इथे लिहिलेलं तिच्यासमोर तोंडाने म्हणेन, मग तुला काय हवं ते बोल.

तुझीच,
सुमिए ताई