२००१ सालचं टिपण

३ जून २०२४
मेहकरहून वैजनाथभाऊंचा फोन. आपलं साप्ताहिक बंद करत आहेत. मी तिथं प्रुफं तपासायचे तेव्हा, २००१ मध्ये, त्यांना एक टिपण दिलं होतं — इंटरनेट आल्यावर वर्तमानपत्रांचं काय होईल. सगळ्यांसमोर हसले होते. आता म्हणतात, "पद्मजाताई, तो कागद शेवटच्या अंकात छापाचा हाय. सारं तसंच झालं."

४ जून
सापडला नाही.

७ जून
नंतर नोकरी लागली त्या शाळेतल्या जुन्या फायलीत होती कार्बन प्रत. बातमी शुक्रवारच्या अंकापर्यंत थांबणार नाही — बरोबर. छोट्या जाहिराती आधी जातील — बरोबर. निधनाच्या बातम्या लोक आपापसांत कळवतील, त्या गोळा करत गावोगाव फिरणारा माणूस लागणार नाही — तेही. प्रत्येक गाव स्वतःचं वर्तमानपत्र काढील — हे साफ चुकलं. गावाच्या ग्रुपवर नुसते वाढदिवसाचे फोटो. पाण्याच्या टाकीचं काम का अडलं, कुणी लिहीत नाही.
तरी थोडं बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१० जून
बसने मेहकरला जाऊन प्रत दिली. भाऊंनी ओळीवर बोट ठेवत वाचली. मग सहज म्हणाले, "तवा हासलो, पर घरी जाऊन चारदा वाचलं. म्हून तर कारभारीले काढलं."
निधनाच्या बातम्या गोळा करत सायकलवर फिरायचे ते कारभारी. मला वाटायचं, त्यांनीच काम सोडलं.
चहा तसाच राहिला.

१३ जून
उंद्रीला गेले. कारभारी घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, पाणी दिलं, बसवून घेतलं. अर्ध्या तासानं ते आले. हातात वही. मी टिपणाचं सांगितलं.
"मालूम हाय मले. भाऊनं तवाच वाचून दाखोलं होतं."
"मग मला कधी बोलला का नाहीत?"
"काय बोलाचं? तुमी कोनाचं वाईट थोडीच लेहलं होतं." वही कोनाड्यात ठेवली. "खालच्या आळीत म्हातारी गेली. मोबाइलवर टाकाले चार ओळी पाह्यजेत त्याइले. पोराइले लेहता येते, पर काय लेहाव ते सुचत नाही. मंग बलावतात मले. बाजूच्या गावाइतूनही येतात."
"केव्हापासून?"
"बंद कवा केलं होतं? भाऊनं सायकल तेवढी वापस घेतली."

१४ जून
भाऊंना फोन केला. टिपण छापू नका म्हटलं.
"काऊन? सारं तसंच तं झालं."
नाही झालं, म्हटलं. तेवढी जागा मोकळी ठेवा. उंद्रीहून कारभारींच्या वहीतला मजकूर पाठवते.