राखेतला गहू

ता. ६, मंगळवार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पोतं शिवता शिवता दाभण मोडला, म्हणून तोंड सुतळीनं नुसतं आवळलं आहे. उतरवून घेताना धर. ट्रकवाला खाली हॉर्न वाजवत होता. ही त्याची इकडची शेवटची खेप. दोघा शेतकऱ्यांच्या मालासाठी गाडी वळवणं परवडत नाही म्हणाला.

यंदा पोतं मोठं आहे. मी एकटा किती खाणार?

बाकी ठीक. वजनकाटेवाला सुनेकडे राहायला गेला. काट्यावर आता कोंबड्या बसतात. शेजारच्या वहिनीही बिऱ्हाड घेऊन गेल्या. संध्याकाळी मी आणि मास्तर वहिनींच्या ओट्यावर बसतो. दोघंच पंच आणि दोघंच भांडणारे.

मेहुण्यांना नमस्कार. माया आहेच, पत्रातही ती दिसू दे.

तुझा
दादा


ता. १३, मंगळवार

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पोतं पोचलं. तुझे मेहुणे ते जिन्यावरून चढवताना तुला जे बोलले ते लिहीत नाही.

डबा भरून गिरणीवर नेला. गिरणीवाल्यानं मूठभर गहू हातात घेतला आणि म्हणाला, ताई, याची राख आधीच झाली आहे, मी आणखी काय दळू? सगळे हसले. मीही हसले. मग माझी बोटं पाहिली.

दादा, खायचा गहू तू निवडून, चाळून पाठवतोस. राख आपण फक्त बियाण्याला चोळतो. आई म्हणायची, राखेतला गहू खाल्ला की पुढचं वर्ष खाल्लं. तू झटकली असशील, पण कडांना राहिली आहे.

मी दळला नाही. डबा तसाच परत आणला. सरळ विचारते: यंदा पेरणार नाहीस का?

उत्तर लगेच दे. मास्तरांची खुशाली लिहून पान भरू नकोस.

तुझी
ठमी


ता. १९, सोमवार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मास्तरांची खुशाली लिहिता येणार नाही. परवा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. ओट्याला कुलूप लावता येत नाही, तेवढा राहिला.

नाही पेरणार. गेल्या हंगामात गहू बाजारात नेला तेव्हा व्यापारी म्हणाला, जहाजानं येतो तो याहून स्वस्त पडतो. चांगला माणूस, चहा पाजला. गहू परत आणायचं भाडं परवडेना, म्हणून तिथंच दिला. आता विजेची पॅनेलं लावणारी कंपनी दोन्ही शेतं भाड्यानं मागते आहे. माणसं सभ्य आहेत. चपला बाहेर काढतात.

बाजारभावाचं सोसलं असतं. पण पेरणीला दोन माणसं लागतात. एकानं पाभर हाकायची, दुसऱ्यानं मागून चालत चाड्यात मुठीनं बी सोडायचं. तू सासरी गेल्यावर शेजारच्या वहिनी चाड्यावर मूठ धरायच्या. आता बैल आहेत, मी आहे, आणि मागं कोणी नाही. एकदा एकट्यानं करून पाहिलं. बैल वळून माझ्याकडे बघत राहिले.

बियाणं विकवेना. फेकवेना. म्हणून तुला पाठवलं. खाऊन टाक. लोभ करतेस तसाच कर.

तुझा
दादा


ता. २२, गुरुवार

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सही करायची तर कर. पाठ तुझी दुखते, मी इथं बसून शहाणपण शिकवणार नाही. पण खालचं शेत एवढं वर्ष राहू दे.

पोतं घेऊन शनिवारच्या बसनं येते. बस फाट्यापर्यंतच येते ना आता? गाडी जुंपून आण, पोतं मी उचलणार नाही. तुझे मेहुणे म्हणतात, शहरातून गावाला गहू नेणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

मूठ जमेल. गुडघ्याचं सांगता येत नाही.

तुझी
ठमी


ता. ७, शुक्रवार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

गहू उगवला. ओळी सरळ आहेत, बैलांना श्रेय दे. बांधाकडच्या ओळीत दोन हात जागा मोकळी आहे. तिथं तू गुडघा धरून उभी राहिलीस, आणि मी मागं न बघता पुढं गेलो होतो. तिथं पुन्हा बी टाकलेलं नाही. राहू दे तशीच.

तू गेल्यावर घरात तुझी वाटी सापडली. ती पालथी घालून ठेवली आहे.

काल वरच्या शेताची सही केली. कंपनीच्या माणसानं खालचं का देत नाही असं विचारलं. मी म्हणालो, त्यात गहू आहे. पुढच्या वर्षी, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी तुझे गुडघे कसे असतील ते मला ठाऊक नाही, आणि विचारतही नाही.

तब्येतीला जप. आठवण ठेव.

तुझा
दादा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी कंपनीची माणसं आली आणि वरच्या शेतात खुंट्या मारून गेली. मी खालच्या शेताला पाणी दिलं.