गोल, चौकोन आणि कुटुंबप्रमुख

३ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. पुढच्या मंगळवारी गोलचा नवा फोन जाहीर होतोय आणि त्यानंतर माझ्या आयुष्यात जे घडणार आहे त्याची कुठेतरी नोंद हवी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे सगळं खरं लिहिणार.

जगात दोन प्रकारची माणसं असतात. ज्यांच्या फोनवरची चिन्हं गोल असतात ती, आणि ज्यांची चौकोनी असतात ती. मी पहिल्या फोनपासून गोल. 'अस्सल गोल' या ग्रुपचा अ‍ॅडमिन. तिथे माझ्या शब्दाला वजन आहे.

ही चौकोन. म्हणजे नव्हती, झाली. गेल्या वर्षी मेहुण्याने तिला वाढदिवसाला चौकोन दिला आणि तिथून घराचे वासे फिरले. जूनमध्ये ती लेकीला घेऊन वेगळी राहायला गेली. नातेवाईक नाही नाही ती कारणं सांगतात. मूळ कारण मला माहीत आहे. माझा राग तिच्यावर नाही, मेहुण्यावर आहे.

प्लॅन: नवा फोन येणार, त्याचा कॅमेरा बघून हिचे डोळे दिपणार, ही परत गोल होणार, घरी येणार. दिवाळी वगैरेची वाट बघायचं कारण नाही, महिनाअखेरीस सगळं जागेवर.

५ सप्टेंबर, गुरुवार, दुपार
लॅबमधून लिहितोय. डॉक्टर, म्हणजे आमचे मालक, बाहेर गेलेत. समोर मोल्डिंगवाला प्लास्टर कालवतोय. आम्ही दोघं एकाच टेबलावर कवळ्या बनवतो. तो साचे काढतो, मी दात बसवतो. माणूस सरळ आहे, पण चौकोन. आज त्याला बराच वेळ समजावलं की गोल फोन मालकाचा चेहरा अंधारातसुद्धा ओळखतो, आणि बॅटरी सकाळपासून रात्रीपर्यंत हूं की चूं करत नाही. तो म्हणाला, मग तुझा फोन कायम त्या भिंतीला का लटकलेला असतो? ते मी सवयीने लावतो. यांना टेक्नॉलॉजीत गतीच नाही.

ग्रुपवर आज एक चौकोन घुसला होता. म्हणे तुमच्या गोलवर एकदा फॅमिली अकाउंट बनवलं की कुटुंबप्रमुखाने काढल्याशिवाय कुणाला बाहेर पडता येत नाही, ही तर कैद झाली. मी लिहिलं, तुमच्याकडे कुणीही उठतं आणि चालू पडतं, आमच्याकडे कुटुंब म्हणजे कुटुंब. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. त्याला हाकलला.

आमचं अकाउंट मी लेक झाली त्याच आठवड्यात बनवलं होतं. प्रमुख मी. सदस्य ही. सदस्य लेक. हिच्या नावापुढे सध्या 'निष्क्रिय' असं येतं. निष्क्रिय म्हणजे गेली असं होत नाही.

८ सप्टेंबर, रविवार
लेकीचा फोन. मंगळवारी संध्याकाळी सहाला शाळेत नाटक आहे, तिचं काम मोठं आहे, येशील ना? येणारच, म्हटलं.

लाँचसुद्धा मंगळवारी सहालाच आहे. पण मी गडबडून जाणारा माणूस नाही. दोन्ही साधणार. एका कानात गोलचा छोटा इअरफोन. लावलाय हे बाहेरून कळतसुद्धा नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार
लाँच जबरदस्त. कॅमेरा अपेक्षेपेक्षा सरस.

नाटकही छान झालं. लेक म्हातारी झाली होती. पांढरा विग, हातात काठी, आवाज चांगला खणखणीत. ही माझ्या शेजारच्या खुर्चीत. मधली खुर्ची तिने पर्ससाठी ठेवली होती, म्हणजे तशी शेजारचीच.

एक छोटीशी गोष्ट घडली. शेवटी म्हातारी मरते. सगळा हॉल चिडीचूप. नेमकं त्याच क्षणाला कानात जाहीर झालं की नव्या फोनमध्ये दुप्पट झूम आहे, आणि माझ्या तोंडून 'येस!' निघून गेलं. जरा मोठ्याने. टाळीही वाजवली असावी. पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं. मेलेल्या लेकीनेही एक डोळा उघडून बघितलं.

बाहेर आल्यावर ही काहीच बोलली नाही. म्हणजे रागावलेली नाही. रागावली की ती बोलते, निदान पूर्वी बोलायची. लेकीला म्हटलं, तू मरण्याचं काम इतकं मस्त केलंस की राहवलं नाही. ती बरं म्हणाली आणि विग काढत आत गेली.

फोन बुक केला. दोन आठवड्यांत येईल.

१२ सप्टेंबर, गुरुवार
आज एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. डॉक्टर नको नको ते बोलले. मोल्डिंगवाल्याने साचा पुन्हा काढून दिला आणि विचारलं, घरी काही आहे का? म्हटलं, घरी काही नाही. मग लक्षात आलं, उत्तर अगदी बरोबर दिलं.

१४ सप्टेंबर, शनिवार, सकाळ
लेकीचा मेसेज: आईचा फोन बादलीत पडला, तिने नवा घेतला, तुझ्यासारखा, गोल!!

तीन वेळा वाचला. मग अकाउंट उघडून बघितलं. हिच्या नावापुढचं 'निष्क्रिय' गेलंय. नावाशेजारी हिरवा ठिपका. खरंच हिरवा.

दुपार
ग्रुपवर नुसतं लिहिलं, माझी बायको परत आली. पुढे 'गोलमध्ये' लिहायचं राहिलं, पण लोकांना कळलं. अभिनंदनाचा पूर आलाय. कुणी हार टाकतंय, कुणी फटाके. मोल्डिंगवाल्यालाही फोन करून सांगितलं. तो म्हणाला, चांगलं झालं, पण तिने स्वतः काही सांगितलं का? म्हटलं, काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. बादलीत फोन पडला म्हणे! हातातून फोन निसटू देणारी बाई नाही ती. पण म्हणू दे. बाईमाणसाचा मान राखायचा असतो.

१६ सप्टेंबर, सोमवार
कामावर असताना फोन वाजला. 'सदस्य एक अ‍ॅप घेऊ इच्छितो. परवानगी द्यायची का?' खाली हिचं नाव. कितीतरी महिन्यांनी हिने माझ्याकडे काहीतरी मागितलं. अ‍ॅप हॉस्पिटलच्या ड्यूटीचं होतं. ही नर्स आहे ना.

लगेच परवानगी दिली नाही. थोडं ताणायचं. लग्नाआधी ही मला बसस्टॉपवर अशीच ताटकळत ठेवायची आणि मग लांबून हसत यायची. तासाभराने हिचा मेसेज आला, ते मंजूर कर, कामाचं आहे. मी उत्तरादाखल डोळा मारणारं तोंड पाठवलं. पुन्हा मेसेज आला, प्लीज. हिच्या तोंडी माझ्यासाठी 'प्लीज' कधी होतं ते आठवेना.

उद्या सकाळी देणार. तेवढीच एक रात्र माझं नाव हिच्या मनात घोळत राहील.

१७ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी परवानगी दिली. सोबत एक फूल पाठवलं. हिचं उत्तर नाही. कामात असेल.

२० सप्टेंबर, शुक्रवार
हिचा फोन. मेसेज नव्हे, फोन! रविवारी येऊन जाशील का म्हणाली. फोनमधलं एक काम आहे, ते फक्त तूच करू शकतोस. हे तिचे शब्द आहेत, मी एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. फक्त तूच करू शकतोस.

मोल्डिंगवाल्याला सांगितलं. तो बराच वेळ साच्यावर कानस घासत राहिला. मग म्हणाला, जा, पण तिथे तू बोलण्याआधी तिचं ऐकून घे. चौकोनांचा जळफळाट मी समजू शकतो.

२१ सप्टेंबर, शनिवार
घर आवरलं. सिंकमधली भांडी, बाथरूम, सगळं. हिची उशी कपाटावरून काढून उन्हात टाकली. अभ्रा बदलला. बेडच्या हिच्या बाजूला नवा चार्जर लावला, गोलचा, लांब वायरचा. हिला उशीशी फोन ठेवायची सवय आहे. आरशापुढे दोन ब्रश. नखांतलं प्लास्टर टूथपिकने काढलं.

हिच्यासाठी कव्हर घेतलं. अबोली रंगाचं. दुकानदार म्हणाला काळं जास्त चालतं. काय चालतं ते मला विचारा.

२२ सप्टेंबर, रविवार
जाऊन आलो.

तिसरा मजला. दोन खोल्या. पडदे माझ्या ओळखीचे नाहीत. टेबल डुगडुगत होतं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. मी वाकून ती नीट करायला लागलो तर ही म्हणाली, राहू दे, आम्हाला सवय झालीय. चहा दिला. साखर बरोबर होती, म्हणजे विसरलेली नाही, असं तेव्हा वाटलं.

मी कव्हर काढून ठेवलं आणि झूमबद्दल बोलायला लागलो. हिने बोलू दिलं. मग म्हणाली, फोन खरंच बादलीत पडला. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या दिवशी हाच होता. चौकोन असता तर चौकोन घेतला असता. जुन्या ई-मेलने सुरू केला आणि आता काहीही करायला गेलं की तो तुझी परवानगी मागतो. सोमवारी तू ते अ‍ॅप अडवून ठेवलंस, मला बदललेली वेळ कळली नाही, माझ्या वॉर्डात माझ्या जागी दुसरी बाई दुहेरी ड्यूटी करत बसली. तिचं मूल घरी तापाने फणफणलं होतं.

मी म्हटलं, मला वाटलं.

ही म्हणाली, माहितीये तुला काय वाटलं ते.

मग काम सांगितलं. मला आणि लेकीला त्या अकाउंटमधून काढ. आम्हाला स्वतःहून निघता येत नाही, तो तुझ्याकडेच पाठवतो.

मी म्हटलं, फॅमिलीत राहिलात तर स्टोरेज शेअर होतं. जुने फोटो राहतात. लेकीचा पहिला दात, समुद्रावरचे, सगळे. ही म्हणाली, फोटो ठेव तू. मग म्हटलं, निदान मेहुण्याने तो चौकोन दिला नसता तर. तेव्हा ती हसली. वाईट हसली नाही, दमलेल्या माणसासारखी हसली. म्हणाली, अरे, फोनचं काय घेऊन बसलास? मी दवाखान्यातून येऊन सांगायला लागायचे, आज एक पेशंट गेला, आज मी खूप रडले. तू मान हलवायचास आणि अंगठा स्क्रीनवर फिरत असायचा. तो गोल होता का चौकोन, मी कधी बघितलंसुद्धा नाही.

ग्रुपवर मला कुणी कधी गप्प करू शकलेलं नाही.

फोन काढला. तिचं नाव दाबलं. 'या सदस्याला कुटुंबातून काढायचं? खात्रीसाठी कृपया आपला चेहरा दाखवा.' चेहरा दाखवला. ओळखला नाही. पुन्हा दाखवला. ओळखला नाही. अंधारात ओळखणारा फोन, भरदिवसा, खिडकीपाशी. ही उठली आणि टॉवेल आणून दिला. डोळे पुसले. मग ओळखला.

नंतर लेकीचं नाव. लेक दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, बाबा, हे फक्त फोनमधलं आहे हां, खरं नाही. मी म्हटलं, हो गं, फोनमधलंच. आणि हिच्याकडे बघितलं. हिने तसं काही म्हटलं नाही.

निघताना कव्हर परत दिलं नाही तिने. टेबलावरच राहिलं. हा चांगला संकेत आहे असं जिना उतरताना वाटलं. रस्त्यावर आल्यावर वाटेनासं झालं.

घरी आलो तर उशी अजून उन्हातच होती. ऊन गेलं होतं. तिला तोंडाशी धरून गॅलरीत उभा राहिलो आणि रडलो. हे लिहायला हरकत नाही, वाचणारा मीच आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार
नवा फोन आला. लॅबवरच मागवला होता. खोकं तसंच टेबलावर ठेवून दात बसवत राहिलो. शेवटी मोल्डिंगवाल्यानेच उघडलं. चौकोन असून पोरासारखा हरखला. म्हणाला, झूम झूम ऐकून कान किटले, दाखव तरी. प्लास्टरच्या पांढऱ्या हातांसकट त्याचा फोटो काढला. झूम खरंच दुप्पट आहे. त्याच्या भुवईवरचं प्लास्टरसुद्धा दिसतं.

संध्याकाळी घरी सुरू केला. त्याने विचारलं, जुन्या फोनवरून कुटुंब आणायचं का? हो म्हटलं. बराच वेळ गोल फिरत राहिलं. मग आलं: प्रमुख, मी. सदस्य, कुणी नाही. खाली बटण, 'सदस्य जोडा'.

लेकीला फोन केला. नाटकात म्हातारी मरण्याआधी काय बोलते ते मला ऐकायचं आहे, म्हटलं. ती म्हणाली, आत्ता गृहपाठ आहे, रविवारी म्हणून दाखवते. चालेल, म्हटलं. मग फोन उपडा ठेवून बसून राहिलो. ग्रुपवर लोक विचारतायत, वहिनींना नवा कॅमेरा कसा वाटला. उत्तर दिलेलं नाही.

हिच्या बाजूचा चार्जर काढणार होतो. राहू दिला. आपल्याला लागतो. खरं सांगायचं तर गोलची बॅटरी दिवसभर पुरत नाही. कधीच पुरत नव्हती.