गिअर कुणी टाकायचा

१४ जून
दुधनीहून परतलो. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. जाताना अक्कलकोटपर्यंत वसंतनं एकट्यानं चालवली. पुढे डाव्या हाताची बोटं गिअरच्या दांड्यावरून निसटायला लागली. गाडी कडेला घेतली नाही. क्लच दाबला आणि म्हणाला, "टाक की." मी शेजारी. माझ्या उजव्या हाताशीच दांडा. टाकला.
येताना सगळा रस्ता तसाच. तो क्लच दाबतो, "हं" म्हणतो, मी टाकते. एकदा तिसऱ्याच्या जागी पहिला पडला. गाडी गचकली. "मॅडम, म्हैस हाकताय का?"
खूप दिवसांनी हसला.

२२ जून
सलीमभाईंच्या गॅरेजात. आमची गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच. आत शिरताना त्यांनी आमचं गिअर टाकणं पाहिलं. "क्या वहिनी, एका गाडीला दोन डायव्हर! पगार कुणाला द्यायचा?" व. म्हणाला, "तिलाच. मी फुकट हाय."
संध्याकाळी मुक्ताचा पुण्याहून फोन. "बाबा, ऑटोमॅटिक घ्या. उजवा हात, उजवा पाय, संपलं. आईला कशाला त्रास?"
व.: "ती गाडी न्हाय पोरी, पाळणा हाय. बसायचं आन् झोपायचं."
त्रास होतो का, हे मला कुणी विचारलं नाही. होत नाही.

७ जुलै
व. मला कॉलेजला सोडतो, असं आम्ही अजून म्हणतो. माझे तास संपेपर्यंत कँटीनबाहेर पेपर वाचत बसतो. एकटा परत जाऊ शकत नाही. हे आम्ही दोघंही बोलत नाही.
शिपाई म्हणाला, "मॅडम, साहेबांचं लई प्रेम." मी म्हटलं, हो.
(इथे 'तो' लिहिते. तोंडावर अजून 'अहो'. लग्नापासूनची सवय.)

१९ जुलै
होटगी रोडला गिअर करकरला. त्यानं "हं" म्हटलं होतं. मी टाकला तर आतून दात खाल्ल्यासारखा आवाज. हाताला झिणझिण्या.
"घाई करू नको गं."
परत तेच. परत बोलला.
तसेच सलीमभाईंकडे. त्यांनी आत बसून क्लच दाबून पाहिला, चार वेळा गिअर टाकले. "क्लच चांगला आहे." हे व.ला नाही, मला म्हणाले. मग फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छ होते.
घरी येईपर्यंत कळलं. "हं" वेळेवर येतं. पाय येत नाही.

२६ जुलै
आता "हं" नंतर थांबते. एक श्वास. मग टाकते. करकर नाही.
"आता शिकलीस," व. म्हणाला.
रात्रीच्या भाकऱ्या करपल्या.

३ ऑगस्ट
डॉक्टर. आजवर मानेची शीर म्हणत होते. आज त्याला टाचांवर चालायला लावलं. डावं पाऊल उचललं जाईना, फरशीवर चापट बसल्यासारखा आवाज.
"गाडी चालवता?"
"व्हय."
"क्लच पूर्ण दबतो?"
"दबतो की. विचारा हिला, शेजारी बसती."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. व.नं पाहिलं नाही. त्याला खात्री होती.
मी म्हटलं, "दबतो."
पुण्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

११ ऑगस्ट
आसरा चौक. सिग्नलला पहिला टाकून उभे होतो. त्याचा पाय क्लचवरून घसरला. गाडी उडी मारून पुढच्या रिक्षाला लागली. रिक्षात शाळेची मुलं. कुणाला काही नाही. एका मुलीचा डबा उपडा झाला.
रिक्षावाला खाली उतरला. "ओ काका, झोपलासा का? लायसन कुटं मिळालं?" व. दार उघडून उतरायला लागला तर पाऊल टेकेना, दाराला धरून उभा राहिला. रिक्षावाल्यानं ते पाहिलं. आवाज उतरला. "जावा, जावा. काय न्हाय झालं. बसा तुमी आत."
व.नं किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली. "चालव."
मला येत नाही हे त्याला माहीत आहे. स्कूटरबरोबर गाडीचंही लायसन्स काढलं होतं एवढंच. स्टिअरिंगला हात लावलेला नाही.
सलीमभाई येऊन घेऊन गेले. आम्ही मागे बसलो. मागच्या सीटवर दोघं शेजारी, पहिल्यांदाच बहुधा.
डॉक्टरांना मी काय सांगितलं ते...
मुलांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी माझं खोटं तेच.

२० ऑगस्ट
पुण्याहून परत. आजाराचं नाव कळलं. लिहीत नाही.
डावा पाय गेला, असं धरायचं. उजवा हात? "सांगता येत नाही. तोही जाईल. कधी, ते नाही सांगता येत."
व.चा एकच प्रश्न. "गाडी?"
"आता नको."
येताना बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसला. मोहोळ गेल्यावर म्हणाला, "तू शीक."

२४ ऑगस्ट
मुक्ता फोनवर रडली, मग व्यवहाराचं बोलली. तिची रीत. "आई, तू ऑटोमॅटिकच शीक. क्लचच्या भानगडीत पडूच नको. पुढे बाबांना उचलून बसवायचं, दवाखाने, तुला डोकं शांत हवं. दसऱ्याला डिलिव्हरी घेऊन टाकू."
बरोबर आहे तिचं.
व.: "आधी ही जुनी शिकू दे. ही आली की कुठलीबी येती."
त्याचंही.

३१ ऑगस्ट
कुंभारी. घरकुलांच्या मागचा रिकामा रस्ता. सलीमभाईंनी तिथवर आणून दिली आणि चहाला गेले.
मी स्टिअरिंगवर. व. डावीकडे, माझ्या जागेवर. त्याच्या उजव्या हाताशी गिअर. आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.
"तू क्लच बघ. गिअर माझा. दाबलास की हं म्हण."
म्हटलं. त्यानं टाकला. लोणी कापल्यासारखा.
दुसरा, तिसरा. उलट वळलो, परत. एका दारात बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. तिसऱ्या फेरीला एक ओरडली, "ओ बाई, पोचला का न्हाय अजून?" व. खिडकीतून म्हणाला, "पोचायचंच न्हाय हो आमाला."
घामानं पाठ भिजली. दोघांच्याही.

६ सप्टेंबर
रोज कुंभारी. सकाळी तो आधी तयार. दाढी करून. शर्टाची बटणं मी लावते, पण तयार तो असतो.
कॉलेजलाही आम्हीच जातो आता. मी, तो आणि त्याचा हात. तो आधीसारखा कँटीनबाहेर.

९ सप्टेंबर
आज व.ला ताप, घरी. सलीमभाई सोडायला आले. वाटेत म्हणाले, "वहिनी, एक विचारू? साहेब रोज येणार का गिअर टाकायला?"
कॉलेजमागच्या मैदानावर त्यांनी गाडी थांबवून मला स्टिअरिंगवर बसवलं.
"तुमीच टाकून बघा. आता साहेब नाहीत हितं."
टाकले. चारही. गेले. काही विशेष नव्हतं त्यात. हात आपोआप जातो.
"घरी सांगू नका," मी म्हटलं.
"मी कुटं काय पाहिलं?"

१३ सप्टेंबर
व. बरा. परत त्याचा हात, माझं "हं". माझा डावा हात मांडीवर दाबून ठेवते. नाहीतर आधी जातो.

१६ सप्टेंबर
चहाचा कप सुटला. उजव्या हातातून. फरशीवर.
"ओला होता," व. म्हणाला.
कोरडा होता. मी पुसून घेतलं. म्हटलं, हो, ओला होता.

२० सप्टेंबर
शोरूम. मुक्ता आली होती. तिथल्या बाई छान बोलल्या, फिरवायला ऑटोमॅटिक दिली. मी चालवली. मुक्ता मागे.
सोपं. खरंच सोपं. डावा पाय बाजूला ठेवून द्यायचा. लहान मुलाला बसवतो तसा. विजापूर रोडच्या गर्दीत एकदाही बंद पडली नाही. पाठ कोरडी. व.ला घेऊन अपरात्री निघावं लागलं तर हीच. कबूल.
व. डावीकडे. सवयीनं त्याचा हात दांड्यावर गेला. तिथे काही करायचं नव्हतं. हात गुडघ्यावर ठेवला. मग सीटवर. मग दारावरच्या कडीला धरलं, दुसऱ्याच्या गाडीत पाहुणा धरतो तसं. परत गुडघ्यावर.
"कशी वाटली, काका?" बाईंनी विचारलं.
"झकास. ह्यात हात कुठं ठेवायचा तेवढं सांगा."
सगळे हसले. मुक्ताही. ती विनोदच समजली.

२१ सप्टेंबर
मुक्ता जाताना जिन्यात. "आई, का अडून बसलीस? बाबा तर काहीच म्हणत नाहीत."
म्हटलं, "त्यांच्या हाताला काम आहे तोवर जुनी राहू दे."
"किती दिवसांचं काम, आई?"
ती वाईट बोलली नाही. तिलाही उत्तर हवं होतं.
क्लच, त्याचा हात, माझे तास, पुढचा जिना, व्हीलचेअर. सगळं एका गाडीत बसत नाही.

२३ सप्टेंबर
शोरूमच्या बाईंचा फोन. "मॅडम, दसऱ्याला हवी तर उद्या सांगावं लागेल. ऑटोमॅटिकला मागणी आहे. बुक करू?"
"विचारून सांगते."
व.ला विचारलं. भिंतीकडे बघत म्हणाला, "तुला सोपी जाईल ती घे."
"तुम्हाला?"
"मला काय. बसायचंय."
जेवला नाही नीट.

२४ सप्टेंबर
सकाळी त्याच्या गोळ्या संपलेल्या. काल आणायच्या राहिल्या. व. अंघोळीच्या खुर्चीवर, पाणी घालायला शेजारचे आप्पा आलेले. दुकान चौकात. किल्ली घेतली. पाच मिनिटांचं काम, तो बाहेर यायच्या आत परत येईन असं वाटलं.
पहिल्यांदा एकटी. डावीकडची सीट मोकळी. फाटकातून निघताना पहिला, कोपऱ्यावर दुसरा, शाळेपाशी तिसरा. येताना गतिरोधकाला तिसऱ्यावरून दुसरा. कुठे करकर नाही. दुकानदार म्हणाला, "अरे वा मॅडम, एकट्याच?" मला त्याचा राग आला.
परतले तर व. गॅलरीत. आप्पांनी ओलाच आणून बसवलेला. केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. टॉवेल मांडीवर. उजवा हात टॉवेलवर, मूठ अर्धी.
मी गोळ्या टेबलावर ठेवल्या. डोकं पुसायला टॉवेल घेतला.
"गतिरोधकाला दुसरा लवकर टाकलास," तो म्हणाला. "इंजिन ओरडलं."
"हो."
"बाकी चांगलं."
मी पुसत राहिले.
"कधीपासून येतंय तुला? एकटीला?"
पर्समध्ये फोन वाजायला लागला. शोरूमचा असणार. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर...
फोन वाजून थांबला. परत सुरू झाला.