युसुफभाईचं जपानी

आखाडा बाळापूर, मंगळवार, संध्याकाळ

आज शेवटी युसुफभाईकडे गेलो. त्याला लकवा मारल्याला महिना होत आला, आणि मी आज जातोय. कसली भीती वाटत होती मला?

पाच वर्षं त्याच्या शिलाईच्या दुकानात बसून आम्ही दोघं जपानी शिकलो. जपानला कोणालाच जायचं नव्हतं, नुसती हौस. सुईला हारी, दोऱ्याला इतो. असा एखादा शब्द सापडला की तो कात्री खाली ठेवून लेकरासारखा हसायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, दोघंही येडे झालेत.

आज तो खाटेवर पडून नुसता बघत होता. मी खिशातून दोऱ्याचं रीळ काढून समोर धरलं. "युसुफभाई, हे काय?" ओठ हलले, बराच वेळ हलले. मग म्हणाला, "न्हाई." मीच सांगितलं, "इतो." पुन्हा, "न्हाई." तेवढाच एक शब्द उरलाय त्याच्याकडे. पाणी पाजलं तरी न्हाईच.

भाभी दारातून म्हणाल्या, "भाऊ, लेकरांची नावंबी येऊन न्हाई राहिली त्यांच्या तोंडात. तुमी काहून तकलीफ देऊन राहिले?"

रीळ मुठीत लपवलं. खरंच, मी बघायला कोणाला गेलो होतो? त्याला, की माझ्या जपानीला? डॉक्टर म्हणालेत, बोलणं आता परत यायचं नाही.

निघताना त्यानं माझा हात धरला, सोडेचना. आणि मला मराठीतही एक शब्द सुचला नाही.