कपाटातली बाई

औंढे,
ता. ६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. कैलासदादास,

धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि. यातलं शेवटचं ‘विशेष’ या खेपेला खरोखरच विशेष आहे, तेव्हा पत्र अर्ध्यावर मिटून ध्यानाला बसू नकोस.

भाऊबीजेला आला नाहीस. शेवटी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ तासाभराच्या वाटेवर असताना चंद्राला ओवाळणारी अख्ख्या औंढ्यात मी एकटीच असेन. आमचे हे म्हणाले, चंद्र बरा, निदान ठरल्या दिवशी उगवतो तरी. तुमच्या त्या साधना केंद्रात फोन पेटीत घालून कुलूप लावतात, म्हणून हा कागद. रतनची दुधाची गाडी तिकोणा पेठेला जाते, तिच्याबरोबर धाडते आहे. उत्तरही तिच्याबरोबरच दे.

आईची तब्येत तशी बरी आहे. फक्त हल्ली तिला एक मैत्रीण मिळालीय. माझ्या लग्नातलं लोखंडी कपाट आहे ना, आरसा लावलेलं? आई पाट ओढून त्याच्यासमोर बसते आणि आतल्या बाईशी तासन्‌तास बोलते. म्हणते, अनसा आलीय. तुला आठवतंय ना, आई आणि अनसाकाकी सगळ्यांची जेवणं उरकली की एकाच ताटात जेवायच्या. काकी जाईपर्यंत या दोघी जावांनी कधी दोन ताटं घेतली नाहीत. आता आई भाकरीचा घास मोडून आरशाला लावते. आतली बाईही तिच्याकडं घास करते. मग आई खूश होते आणि खाते. आरशावर आमटीचे ओघळ येतात, ते मी पुसते. पण पोटभर जेवते, म्हणून मी काही बोलत नाही. शेजारच्या बायका मात्र बघून जातात आणि बाहेर काहीबाही बोलतात, त्याचा मला लय राग येतो. तू एवढं वाचलंयस, तर हे असं चालू द्यावं का ते सांग.

आता खरं कारण. माझ्या पित्ताशयात खडे आहेत. भातझोडणीपायी ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं, आता डॉक्टर ऐकेनात. वीस तारीख दिलीय. नंतर विश्रांतीसाठी लोणावळ्यात लेकीकडं, कोमलकडं राहायचं. ह्यांना दिवसभर बंगल्याची राखण असते. आईजवळ कुणीतरी घरचं माणूस हवं, आणि घरचं माणूस म्हणजे तूच. ये.

लोभ आहेच. तो आणखी वाढला नाही तरी चालेल, पण तू ये.

तुझी,
उज्ज्वला

---

तिकोणा पेठ,
ता. ९ नोव्हेंबर

चि. उज्ज्वला हिस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. सोबत ओवाळणी पाठवतो आहे, ती चंद्राला देऊ नकोस.

ऑपरेशनचं वाचून काळजी वाटली. ते पुढं ढकलू नकोस, असं मोठा भाऊ म्हणून बजावतो. पण उज्जू, वीस तारखेलाच आमचं शिबिर सुरू होतं. लांबलांबची माणसं येणार आहेत आणि सकाळचे पाठ माझ्याकडं आहेत. लोणावळ्यात दिवसभरासाठी बाई मिळेल. तिचा पगार मी पाठवेन, त्याची चिंता करू नकोस.

आरशाचं मात्र मनावर घे. आषाढात भाताची खाचरं तुडुंब भरून पाणी बांधांवरून वाहायला लागलं की कुठलं खाचर कुणाचं ते कळत नसे, आठवतं? शिबिरात मी हाच दाखला देतो. बांध माणसांनी घातले, पाणी एकच आहे. मी वेगळा, तू वेगळी, हेही असेच घातलेले बांध. आहे ते सगळं एकच, आणि आपण ते तोडून पाहतो म्हणून दुःखी होतो. आई आरशात स्वतःलाच पाहते आणि तिला दुसरी बाई समजते. म्हणजे एकाचे दोन करते. या वयात, या आजारात, हा भ्रम वाढू देणं बरं नाही. आरसा झाकून टाक. समोर दिसलं नाही की हळूहळू सुटेल. पहिले एकदोन दिवस शोधेल, तू खंबीर राहा.

मेव्हण्यांना, बाजीरावांना नमस्कार. आईला माझा नमस्कार सांग, म्हणजे पाया पड माझ्या वतीनं. ममता ठेवावी, रागावू नये.

तुझा,
कैलासदादा

---

औंढे,
ता. १५ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,

सा. न. घाईत आहे, बाकीचं समजून घे.

तुझं ऐकलं आणि हात भाजून घेतले. आईचंच जुनं लुगडं कपाटावर टाकलं, कडा खिळ्यांनी पक्क्या केल्या. पहिल्या दिवशी आईनं घरभर शोधलं. मला विचारलं, अनसा कुटं गेली? मी तू सांगितल्याप्रमाणं खंबीर राहिले. म्हटलं, आई, कुणी नव्हतं तिथं, तूच होतीस. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या घरात चोरी केलीय. मग तिनं ताट बाजूला सारलं. अनसा जेवल्याबिगर माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. चमचाभर पेज बळंच घातली, ती तिनं पदरात काढून ठेवली. कुणासाठी ते तुला सांगायला नको.

मी घाबरून लुगडं ओढून काढलं. तर आई आरशात बघून म्हणते, ही आमची न्हाई, ही कोन भलतीच म्हातारी. आमची रुसून माहेराला गेली, तुमी तिला उपाशी ठेवली. तेव्हापासून चहा आणि पाणी, बस्स. डॉक्टर येऊन गेले. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल म्हणाले. आईच्या नाकात नळी, दादा! ती एका दिवसात उपटून टाकेल, मग हात बांधतील.

तुझ्या खाचरांचं म्हणशील, तर पाण्याखाली बांध दिसत नाहीत म्हणून ते नसतात असं नाही. घाईनं चाललं की पाय मुरगळतो. माझा मुरगळलाय. तू तर खाचरात उतरलाच नाहीस, काठावरून सगळं एकच दिसतंय तुला.

आणि शिबिराचं कारण मला सांगू नकोस. मागच्या भाऊबीजेला आईनं तुला पाव्हणं म्हटलं, कोन गाव तुमचं असं विचारलं, त्या दिवसापासून तू या घराचा उंबरा चढलेला नाहीस. अरे, मला ती कधी आत्या म्हणते, कधी भांडी घासणारी बाई समजून पगार ठरवते. मागच्या महिन्यात वाढवूनही दिला! मला काय वाटत नसेल? पण मला रडायला वेळ कुठाय? तिची वेणी घालायची असते, धुणं असतं. सगळे एकच आहेत म्हणतोस ना? मग त्यातल्या एका म्हातारीला येऊन भरव. बाई मिळेल पगारी, पण आई परक्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही आता.

तू आला नाहीस तर मी ऑपरेशन करत नाही. ही धमकी आहे. प्रेम तेवढंच आहे, फक्त आज ते ओरडतंय.

उज्ज्वला

---

तिकोणा पेठ,
ता. १६ नोव्हेंबर

चि. उज्जूस,

आशीर्वाद द्यायचं तोंड नाही, तरी देतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलंयस ते अक्षरशः खरं आहे. त्या भाऊबीजेला परतताना एसटीत बसल्या बसल्या मी स्वतःला तेच सांगत होतो जे इथं रोज लोकांना सांगतो, की नाव म्हणजे मी नव्हे, नातं म्हणजे मी नव्हे. एक अक्षर पटलं नाही. आईनं ओळखलं नाही आणि मला वाटलं, मी कुठं उरलोच नाही. भीती वाटली, उज्जू. पुन्हा तसं होईल या भीतीनं आलो नाही, आणि शिबिरांची कारणं वर्षभर पुढं करत राहिलो.

आरसा झाकायला सांगून तिची सोबत मीच तोडली. पाठ दुसरे कुणी घेतील. सोमवारी दुपारी पोचतो. तू पिशवी भरून ठेव आणि धमक्या आवरत्या घे.

तुझा,
दादा

---

औंढे,
ता. ३० नोव्हेंबर

चि. उज्ज्वलास,

लोणावळ्याच्या पाहुणीला औंढ्याहून अनेक आशीर्वाद. टाके सुकले, हे कोमलनं कळवलं. फोनवर मी रोज सगळं ठीक आहे असंच सांगत होतो. ते खोटं होतं. आता सगळं खरोखर ठीक आहे, म्हणून लिहितो. एवढं सगळं फोनवर बोलता येणार नाही. बाजीराव उद्या तिकडं येणार आहेत, त्यांच्याकडं हे पत्र देतो.

तू गेलीस त्या सकाळी मी आईसमोर बसलो. तिनं मला न्याहाळलं आणि विचारलं, पाव्हणं, कोन तुमी? उज्जू, शिबिरात पहिल्या दिवशी मी लोकांना हाच प्रश्न देतो. तुम्ही कोण? नाव सांगू नका, धंदा सांगू नका. गेली आठ वर्षं हेच करतोय. आणि आता आईनं तोच मला विचारला. मुलगा म्हणायची हिंमत झाली नाही, पुन्हा नाही म्हणाली असती तर! तुझ्या गडबडीत सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, भूक लागलीय.

आई उठली. बाजीराव म्हणाले की इतक्या दिवसांत ती आपणहून प्रथमच उठली. आत गेली, भाकरी आणि पावट्याची आमटी एका ताटात घेऊन आली आणि घास करून माझ्या तोंडात घातला. एकसष्ट वर्षांचा घोडा मी, तोंड उघडून बसलो. मी चावायला लागलो की तिचीही जिवणी हलायची. ताट संपलं तसे तिनं हात धुतले, तोंड पुसलं आणि समाधानानं म्हणाली, लय जेवले बाई आज.

एक कण खाल्ला नव्हता तिनं! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती भरवायची, मी खायचो, पोट तिचं भरायचं. मी आठ वर्षं शिकवलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि आई नुसत्या चहावर वाळत चालली होती. माझे कपडे मात्र घट्ट व्हायला लागले. डॉक्टर पुन्हा आले, नळीचं बोलले, थोडी मुदत देऊन गेले. मी मागं गोठ्यापाशी जाऊन रडलो. बाजीरावांनी पाहिलं, पाण्याचा तांब्या आणून दिला. फार चांगला माणूस आहे तुझा नवरा.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं घास पुढं केला तेव्हा मी तोंड मिटून घेतलं. म्हटलं, मी कितीबी खाल्लं तरी माझं पोट भरेना. ती घाबरली. म्हणाली, असं कसं? मी म्हटलं, मी खातो आणि भरतं तुमचं. मग आता तुमी खा, म्हणजे माझं भरंल. खरं सांगतो, मी ही मास्तरकीतली युक्ती केली होती. शाळेत पोरांना गणित पटवताना करायचो तशीच.

आईला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आधीच बोलायचं नाही का, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं आणि घास स्वतःच्या तोंडात घातला. नीट चावला, गिळला. मग विचारलं, पोचलं का? म्हटलं, पोचलं. दुसरा घास. पोचलं का? पोचलं. अशी अर्धी भाकरी गेली, वाटीभर आमटी गेली. मला हसायला येत होतं आणि डोळेही भरून येत होते. माझी भूक भागावी म्हणून ती जिवापाड जेवत होती, आणि तिला मी कोण हे ठाऊक नव्हतं. उज्जू, मी त्या दिवशी मुद्दाम उपाशी राहिलो होतो. ती जेवून उठली तेव्हा माझी भूक गेलेली होती. हे मी शिबिरात कुणाला सांगणार नाही, तुला सांगतो.

आरशात बघून ती एकाचे दोन करते, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ती दोघींची एक करत होती, आणि तीही आजची नव्हे. अनसाकाकी आणि ती एका ताटात बसायच्या तेव्हापासून. मी ते आपल्याच घरात रोज बघितलं आणि तरी कुठं कुठं शोधत फिरलो. बांधाचं तुझं म्हणणंही मान्य. ते असतात. त्यांच्यावर बसूनच जेवायचं असतं.

ती अजून मला पाव्हणंच म्हणते. वाईट वाटत नाही असं नाही, पण पळून जावंसं वाटत नाही. केंद्राला कळवलंय की सध्या मी येणार नाही. आणि हो, अनसाकाकी माहेराहून परत आली. काल आईनं कपाटासमोर नेऊन तिला माझी ओळख करून दिली. म्हणाली, हे पाव्हणं लय भुकेलं असतंय, म्हनून मला जेवावं लागतंय.

तू घाई करू नकोस, पुरती बरी होऊन ये. लोभ कुणी कुणावर ठेवायचा याचा हिशेब आता मला लागेनासा झालाय, तेव्हा तो आहे एवढंच लिहितो.

तुझा,
कैलासदादा

ता. क. : पथ्याच्या जेवणाला तू कंटाळलीस, धड जेवत नाहीस, अशी कोमलची तक्रार आहे. आज दुपारी जेवताना आईनं शेवटचा घास हातात धरून ठेवला. कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, दवाखान्यात गेली न्हवं का आपली, तिचा. नाव काही तिला आठवलं नाही. मग तिनं तो स्वतःच खाल्ला, सावकाश, डोळे मिटून. पोचला का, ते बाजीरावांजवळ कळव. ती सारखी विचारते आहे.