ठिणग्या विझेपर्यंत

१० सप्टेंबर
कोइमतूरच्या या वर्कशॉपमध्ये आज रुजू झाले. फोरमन मरुदाचलम् म्हणाले, तुमच्या आधीची वडिवु याच मशीनवर स्वतःच्या चुकीनं जिवानिशी गेली. माझं बरंवाईट झालं तर चूक कुणाची, हे माझ्या अक्षरात असावं, म्हणून लिहिते. बाकी दिवस छान गेला. चार नंबरचं ग्राइंडिंग मशीन जुनं आहे, पण चाल लोण्यासारखी. पहिलाच पंपाचा शाफ्ट मापात उतरला. खणात वडिवुचं मायक्रोमीटर सापडलं, अजून अचूक. इथे पाळी संपली की मशीन लिहून सोपवतात: काय, कुणी, कुणाला. मला ही शिस्त आवडली. सारखी लिहीत बसते म्हणून सगळे आत्ताच ‘टीचरअम्मा’ म्हणू लागलेत. म्हणोत.

१४ सप्टेंबर
घासणाऱ्या चाकावरचं गार्ड उघडलं की मशीन बंद पडायला हवं. इथे तो स्विच तारेनं आवळलेला, म्हणजे उघड्यावर काम झटपट उरकतं. तार मी कापून टाकली. मालक पळनिअप्पन यांनी सगळ्यांसमोर विचारलं, अम्मा शाफ्ट घासायला आल्यात की कारखाना चालवायला? मी म्हटलं, जिवंत घरी जायला. मरुदाचलम् यांना एकदम खोकला आला.

१९ सप्टेंबर
शेवटचा हात मारला की चाक पुढे रेटायचं नाही. ठिणग्या आपोआप विझू द्यायच्या, मगच माप खरं. आज मी हात काढून घेतला, तरी ठिणग्या विझल्या नाहीत. हँडल हळूच फिरत होतं. मशीन बंद करून मोजलं. माझ्यापेक्षा अचूक. मरुदाचलम् शाफ्ट हातात घेऊन म्हणाले, अक्का, हा वडिवुचा हात.

२४ सप्टेंबर
अखेर मरुदाचलम् बोलले. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, चंदन-कुंकू लावलेल्या मशीनला दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. गेल्या वर्षी मालकांना घाई होती. तार त्यांनीच बांधली, वडिवुला मशीनवर उभं केलं. चाक फुटलं. गार्ड लावलेलं असतं तर वाचली असती. मालकांनी पोलिसांना सांगितलं, बाईनं घाईत चाक रेटलं. तिच्या आईला लोक अजून तेच ऐकवतात. आता तरी खरं सांगा, मी म्हटलं. म्हणाले, ती सांगेल.

२८ सप्टेंबर
मालक जवळून गेले की ठिणग्या त्यांच्याकडे वळतात. फक्त त्यांच्याकडे. माझ्या हातावर एक गार हात असतो. मला भीती वाटते. काढून घ्यावासा वाटत नाही —

३० सप्टेंबर
तार पुन्हा बांधलेली. मालकांनीच. मी कापली नाही.

१ ऑक्टोबर, पूजा
कोहळा फोडला. मशीनवर चंदन ओलं आहे. मालक म्हणाले, एकच शाफ्ट, चालू करा. मी नाही म्हटलं. भित्री बाई, म्हणत स्वतः उभे राहिले. गार्ड लावा म्हटलं, तर हसले. मरुदाचलम् पुढे धावले. मी त्यांचा दंड धरला —

मालकांचे हात मोकळे. हँडल फिरतंय. बंद करायचं बटण दाबताहेत, मशीन थांबत नाही. ठिणग्या —

मालक ओरडून सांगताहेत, तार मी बांधली, तिची चूक नव्हती. सगळ्यांनी ऐकलं.

सोपवलं: मशीन नंबर चार, चालू. मायक्रोमीटर, वडिवुचं. घेणार: पळनिअप्पन. देणार: मी आणि —